हातची वात, गावची काठी

कोल्हापुरातल्या जुन्या पेठेतल्या कुठल्याही देव्हाऱ्यात दोन तऱ्हेच्या वस्तू सापडतात. समई, निरांजन, ताम्हन, पळी-पंचपात्र, घंटा ही तांब्यापितळेची उपकरणे बाजारातून येतात आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. कुलदैवतांचे टाक सोनार घडवतो. ते काळवंडले की उजळायलाही त्याच्याकडेच जातात. दुसऱ्या तऱ्हेच्या वस्तू घरच्या हातांनी करायच्या असतात: वाती, कापसाची वस्त्रे, जानवे, घटाखालची माती, तेरड्याची गौर, दिवाळीतल्या शेणाच्या गवळणी. गावाने मिळून सजवायची जोतिबाची सासनकाठीही याच तऱ्हेची.

या दुसऱ्या तऱ्हेच्या वस्तूंपैकी बहुतेक टिकत नाहीत. वात जळते, घट उगवतो आणि विसर्जित होतो, शेण वाळून जाते. धर्मशास्त्राने त्यांच्याकडे टिकाऊपणा मागितलेलाच नाही. मातीची पार्थिव पूजा सांगताना मूर्ती घडवणे, तिच्यात देवतेचे आवाहन करणे, पूजणे आणि बोळवणे हा सगळा एकच विधी मानला आहे. वस्तू टिकत नाही म्हणून ती पुन्हा करावी लागते, आणि पुन्हा करावी लागते म्हणूनच ती करणारा हात तयार राहतो. टिकाऊ उपकरणांची कारागिरी थोड्या घराण्यांकडे राहिली. नाशवंत वस्तूंची कारागिरी घरोघर पसरली.

कापूस आणि बोटे

वातीसाठी देवकापूस उत्तम समजतात. शेतातल्या कापसासारखे हे एका हंगामाचे पीक नाही. अंगणात, विहिरीच्या कडेला किंवा मठाच्या आवारात एकदा झाड लागले की ते वर्षानुवर्षे बोंडे देते. बोंड वाळून फुटले की सरकी बोटांनी काढायची, कापूस हलक्या हाताने पिंजायचा आणि त्यातला कचरा निवडायचा. कचऱ्याची एखादी काडी राहिली तरी वात तडतडते.

फुलवातीला पिंजलेल्या कापसाची चकती तळहातावर पसरतात. मधोमध कापसाची चिमूट ठेवून कडा वर गोळा करतात आणि वरचे टोक अंगठा व दोन बोटांमध्ये धरून पिळतात. पकड यावी म्हणून बोटांना दुधाचा किंवा पाण्याचा ओला स्पर्श लागतो. काही घरांत चिमूटभर राख घेतात. खाली बूड रुंद आणि वर देठ बारीक, अशी वात निरांजनात आपोआप उभी राहते. बूड तुपात भिजलेले असते आणि धाग्यांमधल्या बारीक फटींतून तूप देठाकडे चढते. पीळ घट्ट बसला तर तूप वर येत नाही आणि ज्योत मिणमिणते. सैल राहिला तर वात भसाभस पेटते, काजळी धरते. नेमका पीळ किती, हे मोजून सांगता येत नाही. शंभर-दोनशे वाती वळल्यावर तो बोटांना कळतो. घरात एखादी आजी किंवा मावशी वाती वळायला बसली की शेजारची नात हाच पीळ बघत शिकते, आणि तिच्या पहिल्या वाती वाकड्या आल्या तरी त्याच निरांजनात लागतात.

समईची वात लांब असते. कापूस ओढून त्याचा धागा काढतात, तो मांडीवर किंवा तळहातांत वळतात आणि दोन पदर एकत्र करून जोडवात करतात. सगळ्यांत कष्टाची त्रिपुरी वात. कार्तिकी पौर्णिमेला लावायची ही वात अनेक घरांत ७५० पदरांची करतात. पुठ्ठ्यावर किंवा लाकडी पट्टीवर सुताचे वेढे घेत जायचे, मोजणी चुकू नये म्हणून शंभराच्या टप्प्यावर खूण करायची आणि पदर पुरे झाले की जुडी बांधून तुपात बुडवून ठेवायची. चातुर्मासात लक्षवातींचा नेम धरणाऱ्या बायका तर लाख वातींचा हिशेब वहीत मांडतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा नदीचा घाट हजारो पणत्यांनी उजळतो, तेव्हा तिथल्या कित्येक पणत्यांत घरून आणलेली वात असते.

याच कापसाची वस्त्रे होतात. कापसाचा सलग पट्टा काढून तो ठरावीक अंतरावर ओल्या बोटांनी चिमटीत पिळला की मण्यांची माळ तयार होते. पिळलेल्या जागी कुंकवाचे बोट लावतात. देवाला नेसवायचे वस्त्र म्हणून ही माळ घालतात. घरोघरच्या रीतीप्रमाणे मण्यांची संख्या बदलते, आणि ती संख्या सासूने सुनेला सांगितलेली असते. कुठल्या पोथीत ती शोधायला कोणी जात नाही.

जानव्याचे काम याहून नेमके. टकळीवर काढलेल्या सुताचे चार बोटांच्या मुळाशी ९६ वेढे घेतात. त्या लांबीचा धागा तिहेरी करून एका बाजूला पिळतात, पिळलेला धागा पुन्हा तिहेरी करून उलट्या बाजूला पीळ देतात. उलटा पीळ दिला नाही तर दोर सुटा होतो. दोन विरुद्ध पीळ एकमेकांना धरून ठेवतात. अशा नऊ तंतूंच्या तीन पदरी सुताला शेवटी ब्रह्मगाठ बसते. श्रावणीला जुने जानवे उतरून नवे घालायचे असल्याने पूर्वी आषाढापासूनच टकळ्या फिरू लागत. आता जानवे बहुधा विकत येते. तरी ब्रह्मगाठ स्वतः मारणारे काही पुरोहित शहरात आहेत, आणि ही गाठ नुसती पाहून शिकता येत नाही.

माती, तेरडा, शेण

घटस्थापनेची माती रानातून आणावी असा परिपाठ आहे. काळी माती चाळून तिच्यात कुजलेले शेणखत मिसळतात, ती पत्रावळीवर किंवा बांबूच्या परडीत पसरतात आणि तिच्यात गहू, ज्वारी, हरभरा असे पाच किंवा सात प्रकारचे धान्य पेरतात. मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. त्यात सुपारी व नाणे टाकून वर विड्याची पाने आणि नारळ ठेवला की घट बसला. रोज वरून एक फुलांची माळ सोडतात. कोल्हापूर भागात या माळेत तरवडाची आणि कारळ्याची पिवळी फुले हमखास दिसतात.

या मांडणीत एक जाणती सोय आहे. मंद आचेवर भाजलेला कच्च्या अंगाचा घट पाझरतो. त्याच्या छिद्रांतून झिरपणारे पाणी सभोवतालच्या मातीला ओल देत राहते, त्यामुळे नऊ दिवस वरून थोडेसे पाणी शिंपडले तरी भागते. देव्हाऱ्याच्या अंधारात ऊन नसल्याने अंकुर उंच, कोवळे आणि पिवळसर वाढतात. दसऱ्याला हेच धान टोपीत किंवा पागोट्यात खोवतात. घरच्या बियाण्यातले कोणते धान्य जोमाने उगवले, हे शेतकऱ्याला रब्बीच्या पेरणीआधी देवघरातच दिसून जाते. बाजारात अलीकडे ऑइलपेंटने रंगवलेले, टिकल्या-आरसे चिकटवलेले घट येतात. रंगाने छिद्रे बुजतात आणि घट पाझरत नाही. शोभेसाठी घटाचे कामच काढून घेण्याचा हा प्रकार आहे.

भाद्रपदात गौर येते ती तेरड्याची. पावसाळ्यात ओढ्याकाठी, माळावर, बांधावर आपोआप उगवणारा तेरडा मुळांसकट उपटतात, मुळांची माती धुतात आणि जुडी बांधतात. नदीवरून किंवा पाणवठ्यावरून बायका-मुली तिला गाणी म्हणत घरी आणतात. घरी आल्यावर तिला उभी करणे हे खरे काम. जुडीचे बूड तांब्यात किंवा धान्याच्या मापात घट्ट बसवतात, मध्यभागी आधाराला काठी देतात आणि वरून साडी नेसवतात. निऱ्या आधी वेगळ्या घालून दोऱ्याने बांधून घेतल्या तरच त्या सारख्या पडतात. खांद्याचा आकार यावा म्हणून आत कापडाची घडी भरतात, मग मुखवटा बांधतात, दागिने घालतात. अनुराधा नक्षत्रावर आगमन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर बोळवण असा तिचा मुक्काम. आल्या दिवशी तिला भाजी-भाकरीचा आणि वडीचा नैवेद्य, आणि पाठोपाठ घरी येणारा शंकरोबा, ही कोल्हापूरची खास रीत. शंकरोबाही असाच रानातल्या वनस्पतीच्या जुडीतून उभा केला जातो. डोंगरउतारावरच्या एका रानफुलाला चार तासांत घरची लेक करून उभे करणे ही मोठी कलाकुसर आहे. घरातल्या बाईने उरकायचे काम म्हणून तिच्याकडे पाहण्याची सवय पडली आहे, ती सुटायला हवी.

दिवाळीत माती मागे पडते आणि शेण पुढे येते. पाडव्याच्या सुमारास कोल्हापूर, सांगली, सातारा भागात अंगणात शेणाच्या गवळणी आणि पांडव घालतात. ताज्या शेणाचे बोटभर उंचीचे आकार, डोक्यावर शेणाच्याच गोळीची घागर, अंगावर झेंडूच्या पाकळ्या आणि कुर्डूचे तुरे. हात ओला ठेवला तर आकार तुटत नाही आणि सावलीत वाळला तर भेगा पडत नाहीत. खेड्यातून शहरात आलेल्या घरांना यासाठी शेण शोधावे लागते. कोल्हापूर त्याबाबतीत अजून सुदैवी आहे. इथे पेठांमध्ये म्हशींचे गोठे आहेत, समोर काढलेले धारोष्ण दूध उभ्याने पिण्याचे कट्टे आहेत, आणि पाडव्याला शिंगे रंगवून, गळ्यात घुंगरू बांधून म्हशी सजवून मिरवण्याची हौस आहे. त्यामुळे भर वस्तीतल्या अंगणातही गवळणी अजून दिसतात.

सासनकाठी

घरात एका माणसाने करायच्या वस्तू लहान असतात. जोतिबाची सासनकाठी गावाची, म्हणून ती उंच. कोल्हापूरच्या वायव्येला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाचे देऊळ आहे. आजची वास्तू १७३० साली राणोजी शिंदे यांनी बांधली असे मानतात. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला गावोगावच्या सासनकाठ्या इथे येतात. पहिला मान सातारा तालुक्यातल्या निनाम पाडळीच्या काठीचा, त्यानंतर पाटण तालुक्यातल्या विहे गावाचा. पुढचा क्रमही ठरलेला आहे आणि तो जपण्यात गावांचा अभिमान आहे.

काठीची निवड हा पहिला आणि अवघड टप्पा. तीस-चाळीस फुटांहून उंच, बुडापासून शेंड्यापर्यंत सरळ, कीड न लागलेला आणि पेरे बसकी नसलेला बांबू बेटात सहज सापडत नाही. बांबू किमान तीन वर्षांचा, निबर असावा लागतो. कोवळा बांबू वाळताना आक्रसतो आणि चिरतो. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत पिष्ट पदार्थ जास्त असतात आणि तेच भुंग्याचे खाद्य असते, म्हणून तोड हिवाळ्यात करतात. तोडलेला बांबू काही दिवस वाहत्या पाण्यात ठेवला की पिष्ट धुऊन जाते. किंचित बाक असेल तर तेल चोळून आचेवर शेकतात आणि गरम असतानाच दाबून सरळ करतात. पेरांवरचे उंचवटे तासून गुळगुळीत करतात, नाहीतर वर गुंडाळलेले कापड तिथेच फाटते.

मग सजावट. बांबूला रंगीत कापड पट्ट्यापट्ट्याने गुंडाळतात, टोकाला तुरा चढवतात, ठरावीक अंतरावर गोंडे बांधतात. खांद्याच्या उंचीखाली आडवी फळी घट्ट बसवतात. काठी उचलणारा सारा भार या फळीवर घेतो. वरच्या भागातून चारी दिशांना लांब दोर सोडलेले असतात, त्यांना तोरण्या म्हणतात. काठी नाचवताना मधला माणूस भार पेलतो आणि तोरण्या धरणारे तोल. वाऱ्याचा झोत आला की ज्या बाजूची तोरणी ताणली जाते तिथल्या माणसाने क्षणात मागे सरायचे आणि समोरच्याने ढील द्यायची. भार एकाच्या हाती आणि तोल चौघांच्या, हे या काठीचे सारे तंत्र आहे. हलगी आणि पिपाणीच्या तालावर, गुलालात डोळे किलकिले करून हे करायचे असते, तेव्हा गावातली पोरे आठ-दहा वर्षांची असल्यापासून तोरणीला का धरवतात ते समजते.

अनेक गावांत गुढीपाडव्याला काठी उभी करतात आणि तिथून पायी डोंगराची वाट धरतात. पौर्णिमेला दुपारनंतर काठ्या आणि पालखी यमाईच्या देवळाकडे निघतात, वरून गुलाल आणि खोबऱ्याची उधळण होते, देवाला दवणा वाहतात आणि ‘चांगभलं’चा गजर चालतो. यात्रा उरकली की काठी परत गावी जाते आणि देवळात आडवी टांगून ठेवतात. बांबू चांगला असेल तर अनेक वर्षे चालतो. कापड, गोंडे, दोर दरवर्षी नवे. ज्या घराने ज्या कामाचा मान घेतला असेल, ते घर ते काम सोडत नाही. गोंडे एकाचे, दोर दुसऱ्याचे, कापड तिसऱ्याचे. शहरात नोकरीला गेलेली मुले त्यासाठी रजा टाकून गावी येतात.

असे दरवर्षी नवे करण्याची रीत इथल्यापुरती नाही. जपानमध्ये शिंतो देवळांच्या दारावर टांगायचे भाताच्या काडाचे जाड दोर अनेक गावांत गावकरीच वळतात आणि जुने उतरवून नवे बांधतात. ख्रिस्ती मंडळी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेली पाने वर्षभर जपतात आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी त्यांचीच राख कपाळी लावली जाते.

बांधलेली पूजा

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातही हाताचे मोठे काम आहे. नवरात्रात दुपारच्या अभिषेकानंतर श्रीपूजक देवीची रोज वेगळी अलंकारपूजा बांधतात. ‘बांधणे’ हाच त्यांचा शब्द. मूळ पाषाणमूर्तीला धक्का न लावता साड्या, शेले, उपरणी, चंदन, फुले आणि दागिने यांच्या आधाराने देवी कधी बसलेली, कधी वाहनावर आरूढ अशी दिसते. ललिता पंचमीला, देवी त्र्यंबोलीच्या भेटीला जाते त्या दिवशी, गजारूढ पूजा, अष्टमीला महिषासुरमर्दिनी. हत्तीची सोंड कापडाच्या घड्यांतून उभी राहते आणि संध्याकाळी दर्शनाला येणाऱ्याला ती जिवंत वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले काहीही उरत नाही. ही कला पूजेचा वार असलेल्या घराण्यांत बापाकडून मुलाकडे जाते.

कोणाचा हात

कोणती वस्तू कोणी करायची, यावर समाजाने बंधने घातली, आणि ती मोडण्याचा इतिहासही कोल्हापूरचाच आहे. १८९९ च्या सुमारास पंचगंगेवरच्या कार्तिकस्नानात छत्रपती शाहू महाराजांसाठी वैदिक मंत्र म्हणण्यास पुरोहिताने नकार दिला आणि वेदोक्त प्रकरण पेटले. पुण्यात १८७३ साली जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापून मध्यस्थाशिवाय धर्मविधी करण्याचा मार्ग दाखवला होता. जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्म झाल्याने त्यांचे नाव जोतिबा ठेवले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा १९११ मध्ये स्थापन झाली. १९२० मध्ये शाहू महाराजांनी श्री शिवाजी वैदिक विद्यालय काढून ब्राह्मणेतर तरुणांना पौरोहित्य शिकवण्याची सोय केली आणि सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू (क्षत्रियांचे धर्मगुरू) केले. मंत्र कोणाच्या मुखी, या वादात वात कोणी वळायची हा प्रश्न कधी आला नाही. घरच्या वस्तूंचा अधिकार आधीपासूनच घरच्यांकडे होता, आणि म्हणूनच बहुजनांच्या घरांतले देवधर्म मंत्रांवाचूनही अडले नाहीत.

यल्लम्माचे, म्हणजे रेणुकेचे, भक्त याचे ठळक उदाहरण. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूरकर मोठ्या संख्येने सौंदत्तीला जातात आणि परतल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा भरते. डोक्यावर घेतलेला परडीतला जग (देवीचा मुखवटा), कवड्यांची माळ, चौंडके हा त्यांचा सरंजाम. चौंडके म्हणजे एका तोंडाला कातडे ताणलेले नळकांडे. कातड्याच्या मध्यातून निघालेली तार बाहेर ओढून धरायची आणि छेडायची. जशी ताणाल तसा सूर चढतो. बिघडले की जोगती, म्हणजे देवीला वाहिलेले हे भक्त, स्वतःच कातडे भिजवून पुन्हा ताणतात. याच परंपरेत गळ्यात मणी बांधून मुलींना देवीला सोडण्याची प्रथा होती. कर्नाटकने १९८२ च्या आणि महाराष्ट्राने २००५ च्या कायद्याने तिच्यावर बंदी घातली. पवित्र वस्तू हाताने घडवण्याचा गौरव करताना तो हात कोणाच्या गळ्याशी जातो आहे, हेही पाहायलाच हवे.

तयार माल

आज महाद्वार रोडवर वातींची पाकिटे, वस्त्रांच्या माळा, रंगवलेले घट, घडी घालता येणाऱ्या सांगाड्यावरच्या उभ्या गौरी, सारे तयार मिळते. नोकरी करणाऱ्या घरांना त्याचा आधार आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न मालाच्या जातीचा आहे. वातीत कृत्रिम धागा मिसळला की तो जळण्याऐवजी वितळतो आणि वास येतो. भेसळीचा गुलाल यात्रेत डोळ्यांची आग करतो. गणेशमूर्तींच्या बाबतीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२० मध्ये ती आणखी कडक केली. पंचगंगेच्या काळजीने कोल्हापुरात मूर्तिदानाची चळवळ रुजली. इराणी खणीत आणि काहिलींत विसर्जन होऊ लागले. प्लास्टरला पर्याय मानला जाणारा शाडूही मोठ्या प्रमाणात गुजरातेतल्या भावनगरकडून येतो, त्यामुळे शाडू म्हणजे आपल्या गावची माती, असे समजणे बरोबर नाही. शाहूपुरी, गंगावेश आणि पापाची तिकटी इथल्या कुंभारगल्ल्यांत स्थानिक माती हाताळणारे जाणते हात अजून आहेत. मुलांना मूर्ती करायला बसवायचे असेल तर पहिला धडा त्यांच्याकडूनच घ्यावा.

सगळ्या वस्तू घरी करणे आता कोणालाच शक्य नाही, आणि त्याचा आग्रहही नको. वर्षातून एक वस्तू मात्र प्रत्येक घराने स्वतः करावी.  लक्ष्मीपूजनापासून त्रिपुरी पौर्णिमा पंधरा दिवसांवर असते. रोज पन्नास वेढे घेतले तर ७५० पदरांची वात तेवढ्यात पुरी होते.